ध्येयवादी संस्थेत आपल्या नावावरचे काम कोणते?

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे उत्तराचा रोख स्पष्ट होईल. पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत आपण काही वर्षे नोकरी करत आहात, पगाराबद्दल तक्रार नाही, परंतु दिवसभर जे करतो त्याने नेमके कोणाचे काय अडते किंवा सुटते हे सांगता येत नाही. म्हणून एखाद्या ध्येयवादी संस्थेत, समविचारी आणि सचोटीच्या माणसांत जाऊन काम करावे असे आपल्या मनात आहे. तिथे गेल्यावर आपली स्वतःची जबाबदारी कोणती, ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, आणि अशा समूहात स्वतःच्या विवेकाचे स्थान कोणते, हे आपण विचारले आहे. मी विदर्भातील स्वयंसेवी संस्थांत अनेक वर्षे काम केले आणि त्यातला बराच काळ नव्याने येणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना कामाला लावण्यात गेला. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

आपल्या प्रश्नातील क्रम मला उलटा वाटतो. आपण आधी चांगली माणसे शोधत आहात आणि त्यांच्यात गेल्यावर काम सापडेल अशी अपेक्षा करत आहात. आपल्याकडे ही वाट रुळलेली आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केल्यापासून आनंदवन, सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, १९७३ मध्ये सुरू झालेला हेमलकसाचा लोक बिरादरी प्रकल्प या ठिकाणी महाराष्ट्रातील तरुणांच्या किती तरी तुकड्या गेल्या आणि भारावून परतल्या. भारावणे वाईट नाही. माझीही सुरुवात एका शिबिरातूनच झाली. पण जे टिकले ते भारावलेपणामुळे टिकले असे मला दिसलेले नाही. ज्यांनी एखादा विशिष्ट प्रश्न आपला म्हणून उचलला, मग तो कुष्ठरुग्णाच्या बोटांना पेलेल असे अवजार बनवण्याचा असो, आश्रमशाळेतील गणिताचा असो किंवा वनहक्काच्या दाव्यांच्या कागदपत्रांचा असो, ते टिकले. ज्यांना केवळ वातावरण हवे होते, त्यांना पहिल्या दोन पावसाळ्यांत वातावरणातील ओल जाणवू लागली.

‘जबाबदारी’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो, म्हणून ती प्रत्यक्षात कशी दिसते याचे एक उदाहरण जरा तपशिलात देतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले आणि त्यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम सुरू केले. तेव्हा जिल्ह्यात बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि दगावणाऱ्या बालकांत नवजात बाळांचा वाटा मोठा होता. रुग्णालय दूर, रस्ते तुटपुंजे, आणि बाळंतिणीला बाळासह घराबाहेर न काढण्याची रीत. अशा परिस्थितीत डॉक्टर गावात येईल तेव्हा येईल असे म्हणत न बसता, गावातीलच पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. हा प्रयोग ३९ गावांत झाला. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर लागू केली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा गृहभेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक.

हे यश बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून त्याची थोरवी सांगण्यात मी वेळ घालवत नाही. त्यातील जबाबदारीची रचना मात्र पाहण्यासारखी आहे. बाळाला न्यूमोनिया झाला आहे का, हे ओळखण्यासाठी श्वास मोजावे लागतात आणि साठपर्यंत न चुकता मोजणे प्रत्येकीला जमेलच असे नव्हते. त्यासाठी ‘सर्च’ने एक साधे उपकरण तयार केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्याजवळ मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर श्वास धोक्याच्या वेगाने चालू आहे असे समजायचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या दाईलाही हे जमत असे. इथे कोणी त्या स्त्रीला ‘समाजासाठी झोकून दे’ असे सांगितलेले नाही. कोणत्या घरी जायचे, काय पाहायचे, कोणत्या खुणेला कोणता उपचार करायचा आणि कोणत्या खुणेला स्वतः काही न करता रुग्णालयाचा आग्रह धरायचा, हे सगळे ठरलेले होते. तिच्या नोंदी पर्यवेक्षक तपासत असे आणि जन्म-मृत्यूची आकडेवारी स्वतंत्र घरोघर पाहणी करून पडताळली जाई. म्हणजे तिच्यावर विश्वासही होता आणि तिची तपासणीही होती, आणि या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे कोणाला वाटत नव्हते.

आपल्याकडील अनेक सद्हेतू संस्थांत नेमके हेच नसते. तिथे ‘सगळे सगळ्यांचे’ असते. लसीच्या शीतपेटीतील बर्फ कोणी बदलायचा, याचे उत्तर ‘आपण सगळेच’ असे मिळाले की तो बर्फ वितळणार हे नक्की समजावे. म्हणून कुठल्याही संस्थेत गेल्यावर पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारा: मी उद्या आजारी पडलो तर कोणते काम थांबेल आणि ते थांबल्याचे कोणाच्या लक्षात येईल? उत्तर अस्पष्ट असेल तर आपल्याला काम मिळालेले नाही, केवळ जागा मिळाली आहे. आपल्या कंपनीतील नोकरीत जी पोकळी जाणवते, तीच पोकळी मग खादीच्या सदऱ्यात जाणवू लागेल.

आता दुसरे उदाहरण देतो, कारण पहिल्या उदाहरणात कामाची आखणी वरून आलेली होती आणि आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग समूहातील व्यक्तीच्या विवेकाविषयी आहे. गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे सुमारे पाचशे वस्तीचे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, आणि त्यांच्यासोबत ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी अनेक दशके खपून ग्रामसभा उभी केली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखाते देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

बाहेरून येणाऱ्यांचे लक्ष या घटनांकडे जाते. मला या गावातील कंटाळवाणा भाग अधिक मोलाचा वाटतो, तो म्हणजे अभ्यासगट आणि सर्वसहमती. अभ्यासगटात विषय नुसता समजून घ्यायचा; निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, आणि तो बहुमताने होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो, पुन्हा बोलणे होते, कधी कधी फार दिवस जातात. बाहेरचा मित्र माहिती देऊ शकतो, विचारले तर मतही देऊ शकतो, निर्णयात मात्र त्याला स्थान नाही. बहुमताच्या सभेत हरलेला माणूस ‘मी तर विरोधात होतो’ असे म्हणून घरी जातो आणि जिंकलेल्यांच्या गर्दीत कोणी एकटा जबाबदार नसतो. सर्वसहमतीत ही पळवाट बंद होते. जो गप्प बसला त्यानेही होकार दिला असे धरले जाते, आणि ज्याला पटलेले नाही त्याला उठून तसे सांगावेच लागते. गावात दारू बंद करण्यासारखा विषय असा बोलून बोलून मार्गी लावायला किती चिकाटी लागत असेल, याची कल्पना ज्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय ऐकला आहे त्यांना सहज करता येईल.

या पद्धतीचा तोटाही आहे. ती संथ आहे, आणि जिथे माणसे एकमेकांना नावानिशी ओळखत नाहीत तिथे ती चालेल असे मला वाटत नाही. शिवाय सर्वसहमतीच्या नावाखाली एखाद्या वजनदार माणसाची इच्छा सर्वांवर लादली जाण्याचा धोका कायम असतो. मेंढा गावात अभ्यासगटाची वेगळी सोय आहे ती काही अंशी त्यासाठीच उपयोगी पडते, कारण विषय आधीच कळलेला माणूस सभेत सहजासहजी मान डोलावत नाही.

आपल्या दृष्टीने यातील अर्थ असा की, समूह चांगला आहे म्हणून आपला विवेक त्याच्याकडे ठेवीसारखा जमा करता येत नाही. ध्येयवादी संस्थांत हा मोह फार मोठा असतो. तिथे संस्थापकांना भाऊ, ताई, बाबा, दादा म्हटले जाते, सगळे एका पंगतीत जेवतात आणि संस्थेला ‘आमचे कुटुंब’ म्हटले जाते. त्यात खरा जिव्हाळा असतो हे मी नाकारत नाही. परंतु घर म्हटले की हिशेब विचारणे हा उद्धटपणा ठरतो आणि भाऊ म्हटले की मतभेद हा घरभेदीपणा ठरतो. ज्याला कंपनीच्या व्यवस्थापकासमोर बेधडक बोलता येत होते, असा तरुण इथे येऊन दोन वर्षांत गप्प झालेला मी पाहिला आहे, आणि तो गप्प झाला तो भीतीने नव्हे, आदराने. विनोबांनी नेतृत्वाच्या जागी ‘गणसेवकत्व’, म्हणजे एका नेत्याऐवजी सेवकांच्या गटाने मिळून चालणे, यावे असे म्हटले होते, त्यामागे हीच चिंता असावी असे मला वाटते.

ही गोष्ट फार मोठ्या नैतिक पेचप्रसंगांत दिसेल अशी वाट पाहू नका. ती व्हाउचरवर दिसते. समजा, देणगीदाराने ४० जणांच्या प्रशिक्षणासाठी पैसे दिले आहेत आणि प्रत्यक्षात ३४ जण आले. हजेरीपत्रकावर सहा ओळी रिकाम्या आहेत. वर्षअखेर आहे, पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे विनियोग प्रमाणपत्र द्यायचे आहे, आणि कोणी तरी अगदी सहजपणे म्हणते, ‘सह्या घेऊन टाका, पैसे काही कोणाच्या खिशात जाणार नाहीत, मुलांच्या पुस्तकांनाच लागतील.’ म्हणणारा माणूस खरोखर प्रामाणिक असतो आणि पैसे खरोखर पुस्तकांनाच लागतात. तरीही हजेरीपत्रक तयार करणे आपल्याकडे असेल तर त्या सहा ओळी आपल्या आहेत. करायचे काय ते सोपे आहे: खरा आकडा लिहायचा, उरलेल्या रकमेची नोंद करायची, आणि ती दुसऱ्या शीर्षाखाली खर्च करण्यासाठी देणगीदाराची लेखी परवानगी मागायची. माझ्या अनुभवात वेळेवर मागितली तर ही परवानगी बहुधा मिळते. मागण्याचा कंटाळा हाच खरा अडसर असतो. एकदा खोटी सही घेतली की पुढच्या वर्षी लाभार्थींचा आकडा फुगतो, मग अहवाल फुगतो, आणि मग कोणालाच आपले काम उपयोगी पडते आहे की नाही हे कळेनासे होते. अर्थपूर्ण काम हवे म्हणून आलेल्या माणसाचे यात सर्वांत मोठे नुकसान होते.

म्हणून संस्थेची नैतिकता तपासताना तिच्या भिंतीवरील सुविचार वाचू नका, कागद पाहा. सार्वजनिक न्यासाने लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर करायचे असतात. ते केले आहेत का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो, आणि ‘आमच्याकडे मानधन असते, पगार नसतो’ हे त्यावर पुरेसे उत्तर नाही. १० किंवा अधिक माणसे काम करत असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी, तिच्या अध्यक्षस्थानी स्त्री हवी आणि तिच्यात बाहेरचा एक सदस्य हवा. ‘आमच्याकडे सगळे बहीण-भावासारखे राहतात, समितीची गरजच पडत नाही’ असे उत्तर आले, तर आपण, विशेषतः आपण स्त्री असाल तर, तिथे मुक्काम करण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. एखाद्या संस्थेत यांपैकी काही नसले म्हणजे ती वाईटच असे मी म्हणत नाही. लहान संस्थांची ओढाताण मला ठाऊक आहे. प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, यावरून मात्र बरेच कळते.

पैशांविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण आपल्या प्रश्नात तो विषय टाळलेला दिसतो. महाराष्ट्रात ‘पूर्णवेळ कार्यकर्ता’ ही परंपरा मोठ्या प्रमाणात त्या कार्यकर्त्याच्या बायकोच्या पगारावर चालत आली आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत, बँकेत किंवा एलआयसीत नोकरी करायची, मुलांची फी भरायची, सासू-सासऱ्यांचे दवाखाने पाहायची, आणि सत्काराची शाल मात्र त्याच्या खांद्यावर पडायची. आपल्यावर गृहकर्ज असेल, आई-वडील अवलंबून असतील, तर ती जबाबदारी समाजाच्या जबाबदारीहून हलकी आहे असे समजू नका. घरातील माणसांशी आकडे मांडून बोला: महिन्याला किती लागतात, संस्था किती देईल, फरक कोण भरणार आणि किती वर्षे. हा फरक दुसऱ्या कोणी भरायचा असेल तर त्याची किंवा तिची संमती आधी घ्यायला हवी, आणि पुढे आपल्या कामाविषयी कोणी विचारले तर त्या व्यक्तीचे नावही सांगायला हवे.

आणखी एक गैरसमज असा की, अर्थपूर्ण कामासाठी आपले आजवरचे कौशल्य टाकून द्यावे लागते. संगणक अभियंत्याने गावात जाऊन विहीर खणण्याची गरज नाही. गावातील लोक ती अधिक चांगली खणतात. संस्थांना ज्याची वानवा असते ते म्हणजे नीट ठेवलेल्या नोंदी. रुग्णांच्या पाठपुराव्याच्या याद्या, सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी जीपीएसने घेतलेल्या हद्दीच्या खुणा आणि त्यांचे नकाशे, ग्रामसभेचे तेंदूपत्त्याचे आणि बांबूचे हिशेब, ही कामे कोणीतरी जाणकाराने हाती घ्यावीत अशीच पडून असतात. ती छायाचित्रात चांगली दिसत नाहीत आणि म्हणून नव्या कार्यकर्त्यांना ती दुय्यम वाटतात.

नोकरी न सोडता काय करता येईल, हेही आपण ओझरते विचारले आहे. पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडावा याचे मला थोडे आश्चर्य वाटते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून आपल्याच शहरात काम करत आहे. आपल्या इमारतीतील ओला-सुका कचरा वेगळा होतो का, वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढला जातो का, की कचरावेचक ताईंना ते उघड्या हातांनी वेगळे करावे लागतात, हे पाहण्याची आणि शेजाऱ्यांची नाराजी पत्करून ते सुधारण्याची जबाबदारी घ्यायला राजीनामा लागत नाही. सहा महिने एवढे एक काम नेटाने करून पाहा. त्यात जर आपला जीव रमला नाही, तर गडचिरोलीला गेल्याने तो रमेल असे मानायला आधार नाही.

संस्थेत गेलात तर निघण्याचा विचारही आधीपासून करून ठेवा. जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनी या तरुणांच्या संघटनेत सदस्यत्वाला तीस वर्षांची वयोमर्यादा होती. त्यानंतर प्रत्येकाने आपली वाट शोधायची. या नियमामुळे संघटना काहीशी अस्थिर राहिली हे खरे, पण महाराष्ट्रात आणि बिहारमध्ये अनेकांनी नंतर स्वतःची वेगळी कामे उभी केली. कायम राहण्याच्या शपथा मला नकोशा वाटतात. तीन वर्षे राहीन, अमुक काम उभे करीन आणि ते चालवणारा गावातील माणूस तयार करून त्याच्या हाती देईन, असे ठरवून आलेले कार्यकर्ते माझ्या पाहण्यात अधिक उपयोगी पडले. आणि काही गंभीर चुकीचे दिसले, लेखी सांगूनही ते बदलले नाही, तर सोडणे हीही जबाबदारीच आहे. मात्र जाताना आपल्याकडील नोंदी, किल्ल्या, रुग्णांच्या याद्या पुढच्या माणसाला समजावून द्या, कारण आपले भांडण संस्थेशी असते, यादीतील रुग्णांशी नसते.

आता लगेच करण्यासारखे एवढेच. राजीनामा देऊ नका, रजा काढा. ‘सर्च’ने २००६ मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला, त्याची निवासी शिबिरे शोधग्रामला, म्हणजे ‘सर्च’च्या गडचिरोलीतील परिसरात, होतात; तसे एखादे शिबिर करायला हरकत नाही, पण केवळ शिबिर करून निर्णय घेऊ नका. ज्या संस्थेत जावेसे वाटते तिथे शक्य झाल्यास जुलै-ऑगस्टमध्ये पंधरवडाभर जाऊन राहा. तेव्हा गडचिरोलीतील भामरागडकडचा रस्ता पर्लकोटा नदीच्या पुराने बंद होतो, हिवतापाचे रुग्ण वाढतात, वीज जाते, पाहुणे नसतात आणि कोणाला आपल्याशी तत्त्वज्ञान बोलायला सवड नसते. त्या दिवसांत आपल्याला कोणते काम सांगितले जाते आणि ते करावेसे वाटते का, हे पाहून मग घरच्यांशी बोलायला बसा.